परड्यातले बिनपगारी राखणदार

कार्तिक सरत आला की बेळगाव-निपाणी भागातील परड्यांना एक निराळेच रूप येते. पावसाची झोड ओसरलेली असते, विहिरीला पाणी असते आणि मांडवावर चढवलेला पावटा फुलावर येतो. वांगी-मिरचीच्या ओळी भराला लागतात, मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळवाची पाने सुपाएवढी होतात. नेमक्या याच दिवसांत दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले, की पावट्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळ्या मोहरीचे दाणे चिकटवावेत तसे काहीतरी दिसू लागते. हा मावा. आठवड्याच्या आत शेंडा काळा पडतो, खालची पाने चिकट होतात, मुंग्यांची रांग लागते आणि घरच्या मंडळींचा धीर सुटतो. मग शेतातील पिकासाठी आणून ठेवलेली बाटली कोणीतरी काढतो आणि पंपात चार थेंब अधिकच घालून मांडवावर ‘औषध’ मारतो. विषाला औषध म्हणण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्या शब्दातील विसंगती कानाला खटकतही नाही.

प्रस्तुत लेखकानेही काही वर्षांपूर्वी आपल्या परड्यात हेच केले होते. दुसऱ्या दिवशी मावा करपून गेला. समाधान वाटले. मात्र तिसऱ्या आठवड्यात त्याच मांडवावर पूर्वीच्या दुप्पट मावा चढला, आणि या खेपेस फवारणीचाही फारसा उपयोग होईना. कृषी खात्यातील एक स्नेही सहज घरी आले असता त्यांना मांडव दाखविला. त्यांनी माव्याविषयी काही विचारले नाही. “पहिल्यांदा मारलेत तेव्हा या वेलीवर करड्या रंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या होत्या का?” एवढेच त्यांनी विचारले. होत्या, पुष्कळ होत्या. किंबहुना त्यांच्याच भीतीने फवारणी केली होती. त्यावर ते हसून म्हणाले, “मग तुम्ही चोराबरोबर राखणदारही मारलात. चोर परत आला, राखणदाराला यायला वेळ लागतो.”

हे वाक्य नीट समजून घेतले, तर मित्रकीटकांचा सारा विषय ध्यानी येतो. माव्याच्या मादीला नराची गरज नसते. ती अंडीही न घालता थेट जिवंत पिले देते, आणि ती पिले साधारण सात ते दहा दिवसांत स्वतः पिले देऊ लागतात. उलट, मावा खाणाऱ्या भुंगेऱ्याला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास सुमारे तीन आठवडे, थंडीत त्याहूनही अधिक काळ लागतो. फवारणीने दोघेही मेले, तरी पानाआड लपलेल्या दहा-वीस माव्यांपासून महिन्याभरात मांडव पुन्हा भरतो. तेवढ्या अवधीत भुंगेऱ्याची एक पिढीही पुरी होत नाही. शिवाय खाद्य संपले म्हणून उरलेसुरले भुंगेरे दुसरीकडे निघून जातात, ते वेगळेच. म्हणजे एकदा विष मारले की ते पुन्हा पुन्हा मारणे ओघानेच येते.

परड्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. कोणत्याही कीटकनाशकाच्या वेष्टनावर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये हे छापलेले असते. बाजारासाठी भाजी पिकविणारा शेतकरी तो काळ पाळू शकतो. परंतु परड्यातील भेंडी एक दिवसाआड खुडावीच लागते, मिरची तर रोज हवी असते, आणि कोथिंबिरीची चार पाने तोडायला घरातील मूल सकाळीच धावते. या झाडांवर प्रतीक्षेचा काळ पाळला जाणे जवळजवळ अशक्य. त्यातच शेतातील बाटली परड्यात येते, तेव्हा ती कोणत्या पिकासाठी आहे हे पाहिले जात नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालीच मनाई झाली. तरीही उसासाठी किंवा कापसासाठी घरात आलेली बाटली वांग्यावर रिकामी झाल्याची उदाहरणे त्यानंतरही घडत राहिली.

उसाने शिकविलेला धडा

मित्रकीटकांवर विसंबणे ही पुस्तकातली गोष्ट आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी आपल्याच भागातील उसाची हकिकत आठवावी. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढरी लोकर पसरल्यासारखी दिसू लागली. हा लोकरी मावा. भारतात त्याची नोंद १९५८ साली पश्चिम बंगालमधून झालेली होती. पण पुढे चाळीसहून अधिक वर्षे तो देशाच्या पूर्व व ईशान्य भागापुरताच राहिला होता. सांगलीत दिसल्यावर मात्र त्याच वर्षी तो कृष्णाकाठाने पसरत उत्तर कर्नाटकात आला, आणि बेळगाव जिल्ह्यातील ऊसपट्टाही त्याच्या तडाख्यात सापडला. पाने चिकट स्रावाने माखत, त्यावर काळी बुरशी चढे, जनावरे वैरणीला तोंड लावीत नसत. उसात शिरून बाहेर आलेल्या माणसाचे कपडे पांढरे झालेले असत, हे अनेकांना आजही आठवत असेल.

प्रारंभी अर्थातच फवारणी झाली. पण दहा-बारा फूट वाढलेल्या उसात पानाच्या खालच्या बाजूस फवारा पोहोचविणे हे काम किती कठीण, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. आशा निर्माण झाली ती वेगळ्याच बाजूने. काही फडांत पाहणी करताना असे आढळले, की लोकरी माव्याच्या वस्तीत एक हिरवट-करडी अळी रेशमी जाळे विणून राहते आणि माव्यालाच खाते. पतंगाची अळी म्हटली की ती पाने खाणारी, हा आपला नेहमीचा अनुभव. ही अळी त्याला अपवाद. तिचे शास्त्रीय नाव डिफा ॲफिडीव्होरा. तिच्या जोडीला मायक्रोमस इगोरोटस नावाचा तपकिरी, जाळीदार पंखांचा एक चिमुकला कीटकही होता. त्याची अळी आणि प्रौढ दोघेही मावाभक्षक. ईशान्येकडून एन्कार्शिया ही सूक्ष्म परोपजीवी माशीही आणून सोडण्यात आली. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ, पुण्याजवळील मांजरीची वसंतदादा साखर संस्था व बंगळूरु येथील जैविक कीडनियंत्रणाची राष्ट्रीय संस्था यांनी या कीटकांची पैदास करण्याच्या रीती बसविल्या. डिफा-मायक्रोमस असलेली उसाची पाने एका फडातून काढून दुसऱ्या फडात नेऊन बांधली गेली. जेथे हे कीटक आले त्या फडांत काही काळ विष मारू नये आणि ऊस तोडणीनंतर पाचट जाळू नये, असे सांगावे लागले. कारण पाचटाबरोबर हे राखणदारही जळत. पुढील काही हंगामांत लोकरी माव्याचा जोर ओसरला. आजही तो अधूनमधून दिसतो, पण त्याच्या मागोमाग त्याचे शत्रूही येतात.

एकरांनी मोजावयाच्या उसात जे शक्य झाले, ते दहा-बारा वाफ्यांच्या परड्यात अधिकच सुलभ असावयास हवे. तेथे पैदासकेंद्राचीही आवश्यकता नाही. हे कीटक बहुधा अगोदरच आलेले असतात. आपण त्यांना ओळखत नाही, एवढेच.

ओळख पटावी म्हणून

निपाणीजवळच्या एका वस्तीवर एका वयस्कर बाईंनी मोठ्या अभिमानाने पावट्याचे पान पुढे केले होते. “साहेब, ही बघा काटेरी अळी. सकाळधरनं पन्नासभर चिरडल्या.” त्यांच्या हाती होती ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी. प्रौढ लेडीबर्ड भुंगेरा, ज्याला कृषी पत्रकांत ढालकिडाही म्हटलेले आढळते, बहुतेकांना ठाऊक असतो: टिकलीएवढा, गोल, चकचकीत, लाल किंवा नारिंगी, पाठीवर काळे ठिपके नाहीतर नागमोडी रेघा. मुले त्याला हातावर चालवितात. परंतु त्याची अळी त्याच्यासारखी मुळीच दिसत नाही. ती लांबट, काळसर करडी, खरबरीत, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, सहा पायांची, जणू बोटाच्या पेराहूनही लहान सुसरच. तिचे रूप पाहून कोणासही ती शत्रू वाटावी. प्रत्यक्षात माव्याचा खरा फडशा पाडते तीच. वाढीच्या दोन-तीन आठवड्यांत एक अळी काही शे मावे खाते. तिच्याही अगोदरची अवस्था म्हणजे पानाखाली उभी रचलेली, पिवळीधमक, टोकदार अंडी. पंधरा-वीस अंड्यांचा हा पुंजका माव्याजवळच असतो, आणि पाने पुसताना तोच प्रथम पुसला जातो.

येथे एका तोतयापासून सावध राहावे लागते. वांगी, कारले, दोडका यांच्या पानांवर असाच गोल ठिपकेवाला भुंगेरा आढळतो, पण त्याचा रंग मळकट तांबूस असतो, अंगावर बारीक लव असल्यामुळे चकाकी नसते आणि ठिपके पुष्कळ, कधी अठ्ठावीसपर्यंत असतात. त्याची अळी पिवळी व काटेरी. हा हड्डा भुंगेरा पान खरवडून त्याची जाळी करतो. त्याला हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावे. थोडक्यात, पाठ चकचकीत आणि आसपास मावा असेल तर तो आपला. पाठ मळकट आणि पानाची जाळी झालेली असेल तर तो परका.

पानाच्या कडेला केसासारख्या बारीक दांडीवर एकेक पांढुरके अंडे डोलताना दिसले, तर तो बुरशीचा प्रकार नव्हे. ती क्रायसोपा ऊर्फ हिरव्या जाळीदार पतंगाची अंडी होत. तिच्या अळ्या इतक्या खादाड, की जवळजवळ अंडी असती तर पहिली निघालेली अळी इतरांना खाऊन टाकती. दांडीची योजना त्यामुळेच. विळ्यासारख्या दोन जबड्यांनी ही अळी मावा, फुलकिडे, पांढऱ्या माशीची पिले यांना टोचून त्यांचा रस शोषते. दिवेलागणीला दिव्याभोवती येणारा, सोनेरी डोळ्यांचा नाजूक हिरवा किडा हीच तिची प्रौढ अवस्था. मधमाशीसारखी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, पण फुलासमोर हवेत स्थिर उभी राहणारी आणि दोनच पंखांची माशी दिसली, तर ती सिरफिड माशी. ती चावत नाही, डसत नाही. तिची हिरवट, बिनपायांची अळी माव्याच्या वस्तीत गोगलगायीच्या चालीने हिंडते. काही मावे फुगून सोनेरी-तपकिरी आणि कडक झालेले दिसतात, त्यांवर बारीकसे गोल भोकही असते. ते रोगट नव्हेत. त्यांच्या पोटात दुसऱ्या एका सूक्ष्म माशीचे पिलू वाढून बाहेर पडलेले असते. असे पाच-दहा मावे एका पानावर दिसले, तर त्या वेलीची चिंता बरीचशी मिटली असे समजावे.

कुंभारीण माशीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. कारण ती आपल्या घरातच राहते आणि तिच्याविषयी आपल्या वाङ्मयात एक प्राचीन समजूत आहे. खिडकीच्या चौकटीत, तुळईच्या कोपऱ्यात, देवघरातील तसबिरीमागे ती ओल्या मातीच्या गोळ्यांनी घर बांधते. महाविद्यालयात संतवाङ्मय वाचलेल्यांना भृंगी-कीटक न्याय आठवेल: भृंगी किड्याला आणून आपल्या घरात कोंडते, तो तिच्या ध्यासाने भृंगीरूप होतो आणि एके दिवशी पंख लावून बाहेर पडतो. दृष्टान्त म्हणून ही कल्पना सुंदर आहे, आणि तिच्यामागचे निरीक्षणही खरे आहे. अळी आत जाते आणि माशी बाहेर येते, हे कोणी तरी नीट पाहिले होते. मध्ये काय घडते, ते मात्र निराळे. माशी अळीला डंख मारून लुळी करते. ठार मारीत नाही. मडक्यासारख्या एकेका खोलीत अशा अनेक अळ्या भरून, सोबत एक अंडे ठेवून ती तोंड बंद करते. अंड्यातून निघालेले पिलू त्या ताज्या अळ्या खाऊन वाढते, कोश करते आणि मातीला भोक पाडून बाहेर येते. फ्रान्समधील कीटकनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकात अशा माश्यांची मडकी उघडून आतील अंडे छताला बारीक तंतूने टांगलेले असल्याचे वर्णन केले आहे. परमार्थातील दृष्टान्त आपल्या जागी राहो. भाजीच्या वाफ्याच्या दृष्टीने पाहता, ज्या घरात कुंभारणीची मडकी आहेत त्या घरच्या कोबीवरील आणि भेंडीवरील अळ्या कोणी तरी रोज उचलून नेत आहे. लांबट नळ्या एकाशेजारी एक रचणारी दुसरी एक कुंभारीण अळ्यांऐवजी कोळी भरते, एवढा फरक लक्षात असावा. दिवाळीची साफसफाई करताना मातीचे हे गोळे खरवडण्यापूर्वी त्यांना भोक पडले आहे की नाही, ते पाहावे. भोक असेल तर घर रिकामे झाले आहे. नसेल तर आत कोणीतरी आहे.

त्यांना राहावेसे कसे वाटेल

वर सांगितलेल्यांपैकी बहुतेकांच्या अळ्या मांसाहारी असल्या, तरी प्रौढ कीटक मध आणि परागावर जगतात. सिरफिड माशीला, क्रायसोपाला, परोपजीवी माश्यांना फुले मिळाली नाहीत तर त्या अंडी घालण्यास थांबत नाहीत. यांची तोंडे आखूड असल्याने मोठी, खोल, दुपेडी फुले त्यांच्या उपयोगाची नसतात. त्यांना हवी असतात कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांच्या छत्रीसारख्या तुऱ्यांतील बारीक, उघडी फुले. मोहरी, तुळस आणि एकेरी झेंडूही चालतो. आपल्या गृहिणी कोथिंबीर फुलावर येण्यापूर्वी उपटतात, आणि ते हिशेबाला धरूनच आहे. परंतु वाफ्याच्या चारी कोपऱ्यांस दोन-दोन रोपे फुलायला सोडली तर भाजी कमी पडत नाही, शिवाय पुढच्या पेरणीचे धणेही घरचे होतात. चवळी आणि एरंड यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्या फुलांबाहेरही, देठाजवळच्या ग्रंथींतून गोड रस स्रवतो. कुंपणाला चवळीचे चार वेल असले, म्हणजे गांधीलमाश्या आणि कुंभारणी तेथे घिरट्या घालीत राहतात.

एरंडाचा दुसरा उपयोग निपाणीच्या तंबाखू उत्पादकांना परिचित आहे. तंबाखूच्या तरव्याभोवती एरंड लावण्याची शिफारस पूर्वीपासून केली जाते, कारण पाने खाणाऱ्या अळीची मादी आपली केसाळ आच्छादनाखालची अंडी घालण्यासाठी एरंडाचे रुंद पान पसंत करते. हीच अळी परड्यात कोबी, टोमॅटो, मिरची यांवर येते. बांधावर एरंडाची दोन झाडे ठेवून दर तीन-चार दिवसांनी त्यांच्या पानांची खालची बाजू पाहिली आणि अंडीपुंज किंवा जाळी झालेले पान तोडून नष्ट केले, तर भाजीवरचे संकट पुष्कळ हलके होते.

शत्रू पूर्णपणे नाहीसा झाला तर राखणदारही उपाशी राहून निघून जातो, हे तत्त्व पचनी पडण्यास थोडे जड आहे. यावर एक उपाय निसर्गानेच करून ठेवला आहे. कुंपणाच्या रुईवर पिवळाजर्द मावा बारमाही आढळतो. तो रुई-कण्हेरीच्या कुळातील झाडांवर राहतो. भाजीपाल्याकडे वळत नाही. मक्याचा आणि ज्वारीचा मावाही पावटा-वांग्यांवर येत नाही. पण लेडीबर्ड भुंगेरे या दोन्ही ठिकाणी वाढतात आणि मांडवावर मावा आला की तेथे उतरतात. म्हणून कडेला मक्याची एक ओळ असावी, आणि कुंपणातील रुईचे झुडूप केवळ निरुपयोगी म्हणून उपटू नये. (मारुतीला शनिवारी हार लागतो, तेवढ्यासाठी तरी ते बहुतेक ठिकाणी टिकून आहे.)

याखेरीज वाळला पाला एका कोपऱ्यात राहू द्यावा. कोळी, जमिनीवरचे भुंगेरे त्यात आसरा घेतात. परडे अंगणासारखे रोज लख्ख झाडण्याची शिस्त चांगली, पण एक कोपरा तिच्यातून वगळावा. उन्हाळ्यात उथळ परळात खडे घालून त्यात पाणी ठेवले, तर कीटक न बुडता पिऊ शकतात. थोडी ओली माती कुंभारणीसाठी मोरीजवळ आपोआपच असते.

मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नये. माव्यातून पाझरणारा गोड चिकट रस हे त्यांचे दूध; त्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि भुंगेऱ्याच्या अळ्यांना अक्षरशः हुसकावून लावतात. शेवगा, पपई, कढीपत्ता अशा एकखोडी झाडांवर मुंग्यांचा मार्ग अडविणे सोपे आहे. खोडाभोवती कापडाची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर वंगण लावावे. सालीवर प्रत्यक्ष लावू नये. मांडवाच्या खांबांनाही असेच करता येते.

पपईचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे, की पपईवरील पांढरा पिठ्या ढेकूण २००८ साली प्रथम कोइमतूर भागात आढळला आणि लवकरच दक्षिणेत सर्वत्र पसरला. बंगळूरुच्या राष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये पोर्टो रिको बेटावरून त्याच्या परोपजीवी माश्या आणविल्या. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपाये ही माशी येथे स्थिरावली, आणि ज्या बागा तोडून टाकण्याची वेळ आली होती त्या सावरल्या. असाच प्रकार कॅलिफोर्नियातील संत्रा-लिंबूवर्गीय बागांत १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका लेडीबर्ड भुंगेऱ्याने घडविला होता.

तंबाखूच्या पाण्याविषयी दोन शब्द

निपाणी भागात तंबाखूचा चुरा सहज मिळतो, आणि तो भिजवून त्याचे पाणी फवारणे हा घरगुती उपाय पुष्कळ जण सुचवितात. ‘झाडापासून निघालेले, म्हणजे निरुपद्रवी’ अशी त्यामागची समजूत असते. ती चुकीची आहे. तंबाखूतील निकोटीन हे जहाल विष होय, आणि ते मावा कोणता व भुंगेरा कोणता हे ओळखत नाही. हिरव्या, दमट पानांत काम करणाऱ्यांना तंबाखू ‘लागते’, मळमळते, डोके गरगरते, हे या भागातील प्रत्येक घराला माहीत आहे. तेच निकोटीन कातडीतून अंगात शिरते. निकोटीन सल्फेटचा कीटकनाशक म्हणून देशांतर्गत वापर १९९२ सालीच बंद करण्यात आला. शिवाय थंड पाण्यात भिजविलेल्या चुऱ्यातून तंबाखूच्या मोझॅक रोगाचे विषाणू टोमॅटो-मिरचीवर जाऊ शकतात. खुद्द तंबाखूची चिकट लव लहान मित्रकीटकांना अडकविते. तेव्हा परड्यात हौसेने तंबाखूचे रोप लावण्याचाही उपयोग नाही.

मग मावा दिसला की हातावर हात ठेवून बसावयाचे काय? तसे नव्हे. पहिल्या दिवशी केवळ पाहावे: अंडी आहेत का, अळ्या आहेत का, फुगलेले तपकिरी मावे आहेत का. असतील तर आठ-दहा दिवस थांबावे. फार माखलेले दोन-चार शेंडे खुडून टाकावेत, इतरांवर पाण्याचा जोराचा फवारा मारावा; पडलेला मावा सहसा पुन्हा चढत नाही. एवढ्यानेही भागले नाही, तर निंबोळीच्या मगजाची ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून त्यात किंचित साबण मिसळावा आणि संध्याकाळी, तेही लागण झालेल्या वेलीवरच फवारावे. निंबोळी अर्क रासायनिक विषांच्या मानाने सौम्य असला, तरी तो भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर मुद्दाम मारू नये.

मित्रकीटकांच्या सामर्थ्याला मर्यादा आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. वांग्याच्या शेंड्यात आणि फळात शिरलेल्या अळीपर्यंत त्यांतील फार थोडे पोहोचतात; सुकलेला शेंडा दिसताच तो खाली कापून जाळणे हाच तेथे उपाय. कारल्या-दोडक्याची फळमाशीही अशीच. कोवळे फळ कागदात किंवा कापडात गुंडाळावे आणि किडके फळ खोल पुरावे. फळ पोखरणाऱ्या अळीची अंडी मात्र ट्रायकोग्रामा ही एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी नष्ट करते. ती पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. तांदळातील पतंगाच्या सुमारे वीस हजार अंड्यांत तिची वाढ करून ती अंडी कार्डावर चिकटविलेली मिळतात. उसातील खोडकिडीसाठी ही ट्रायकोकार्डे शेतकऱ्यांना परिचित आहेतच. परड्याला अख्ख्या कार्डाची गरज नसते. चार घरांनी मिळून एक कार्ड आणून त्याच्या पट्ट्या वाटून घ्याव्यात, सकाळी किंवा संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचाव्यात आणि त्यापुढे किमान आठवडाभर काहीही फवारू नये. बेळगाव जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रांत त्याविषयी चौकशी करावी.

शिक्षकांसाठी एक सूचना करावीशी वाटते. शाळेच्या आवारातील भाजी मध्यान्ह भोजनात मुलांच्याच ताटात पडते, त्यामुळे तेथे फवारणीचा प्रश्नच येऊ नये. एक साधे भिंग आणि एक वही एवढ्या साहित्यावर पाचवी-सहावीची मुले आठवड्यातून एकदा एकाच वेलीची पाहणी करू शकतात: मावे अंदाजे किती, भुंगेरे किती, अळ्या किती, मुंग्या आहेत की नाहीत. अशी वही दोन महिने चालली, तर मावा वाढल्यानंतर काही दिवसांनी भुंगेऱ्यांचे आकडे कसे वाढतात आणि मग मावा कसा उतरतो, हे मुलांना स्वतःच्या अक्षरात दिसते. गावातील ज्या घरी ही मुले राहतात, तेथे हा विषय मग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

फुलांची वेळ साधण्याबद्दल एवढेच, की दसऱ्याच्या सुमारास पेरलेले धणे साधारण दीड-दोन महिन्यांत तुऱ्यावर येतात, म्हणजे पावट्यावर मावा चढू लागण्याच्या बेताला. शेपूही त्याच वाफ्यात टाकावा. मोहरीच्या चार ओळी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरल्या, तर संक्रांतीपर्यंत कोणते ना कोणते फूल उघडे राहते.